देवरीच्या बाजारातली मांदेली

गोंदिया जिल्ह्यात लोक जंगल पाहायला जातात, सारस पाहायला जातात. मी सुकी मांदेली पाहायला गेले.

कारण घरचं होतं. आमचं गाव अलिबागच्या दक्षिणेला, समुद्राला लागून. आई मांदेली सुकवते, बोटाएवढी, सोनेरी मासळी. गावात या मासळीला आता मान उरलेला नाही. बाबा ती गळाला लावतात, हॉटेलवाले तिच्याकडे बघतही नाहीत, आणि यंदा कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्याची गाडी थेट धक्क्यावर येऊन ओली मांदेली टोपल्यांनी उचलायला लागली. आई म्हणाली, "होळीनंतर गाडीलाच देऊन टाकू. सुकी खातंय कोन आता?" गाडीला दिली की आईचं सुकवायचं काम संपलं. तिला हातांना काम नसलेलं मी कधी पाहिलेलं नाही, आणि पाहायची इच्छाही नव्हती.

आईची सुकी मांदेली नेणारा व्यापारी एवढंच म्हणायचा, माल गोंदियाकडे जातो. मी शीतगृहांतले तापमापक तपासते; ऐकीव आकड्यावर सही करत नाही. माझ्याबरोबर काम करणारी सुनीता देवरीची. तिच्या आईकडे दोन दिवस राहायचं ठरवलं आणि तिकीट काढलं.

मुंबईहून गोंदियाला थेट गाडी आहे. स्लीपर पुरतो, पण फेब्रुवारीत पहाटे पांघरूण लागतंच. स्टेशनबाहेर हिंदीच कानावर येते. रिक्षावाल्याने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर दिलं, आणि आमचं दोघांचंही काही अडलं नाही. तर्री-पोहे तिथेच खाऊन घ्या. देवरीची थेट बस मला मिळाली नाही, म्हणून आधी कोहमारा, आणि तिथून महामार्गाने रायपूरकडे जाणारी दुसरी बस. कोहमाऱ्याला ढाब्यांची रांग आहे. ट्रक जास्त उभे असतील तिथे बसा, चहा ताजा मिळतो. पुढे रस्ता उत्तम, दोन्ही बाजूंनी जंगल, मधे कापणी झालेली धानाची रिकामी शेतं. सुटे पैसे जवळ ठेवा.

सुनीताची आई, वच्छलाकाकू, बस थांब्यावर उभ्या होत्या.

"एकटीच आली का वो? भेव नाई वाटलं?"

"नाही."

"मंग बरं हाय," म्हणून त्यांनी माझी बॅग घेतली. कशाला आले ते मी सांगितलं नाही. आठवडी बाजार पाहायचाय, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकूंबरोबर बाजाराला निघाले. वळण यायच्या आधीच वास आला आणि बाजार कुठे ते मला त्यांना विचारावं लागलं नाही. ताडपत्रीवर ढीग होते: जवळा, बोंबील, आणि मांदेली. किनाऱ्यापासून इतक्या लांब, एवढ्या गर्दीत. बायका ती मुठीत घेऊन हुंगत होत्या. मला आत कुठेतरी सैल वाटलं.

"घे ना बाई, समुद्राची हाय," विकणारी म्हणाली.

"समुद्राची हाय म्हणून रेती हाय का?" वच्छलाकाकू. "मागच्या बाजारची खाल्ली त दात कचकच वाजले. मासोळी विकून राहिली का समुद्र?"

आजूबाजूच्या हसल्या. "म्या त घेणंच सोडलं," शेजारची एक म्हणाली.

"मी का वाळवते का? जशी येते तशी विकते," विकणारी चिडली.

मी एक मांदेली उचलून पोटाखाली बोट फिरवलं. फिकट वाळू, शिंपल्याचा चुरा. ती आमच्याच अंगणातली होती असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण आमचं अंगण असंच आहे, आणि आई जमिनीवरच पसरते. माझे कान तापले.

काकूंनी कुरकुरत का होईना, घेतली. घरी डोकी मोडली, मांदेली गरम पाण्यात टाकली, हलकेच वर काढली, पुन्हा नवीन पाणी. परातीच्या तळाशी वाळू बसत होती. मग वांगी, टमाटर, लसूण, भरपूर तिखट. "रोवणीच्या दिवसात बांधीतून आल्यावर दुसरं काय रांधाव?" त्या म्हणाल्या. रोवणी म्हणजे भाताची लावणी, बांधी म्हणजे भाताचं शेत. "चार मासोळ्या टाकल्या का ताटभर भात जाते."

मी दोनदा भात घेतला. आमच्याकडे ही गळाला लावतात, असं म्हणाले.

"गरीले?" त्यांचा हात थांबला. "मायबाई! खाची चीज मासोळीले चारता?"

मग मी सांगितलं. माझी आईच सुकवते, आणि आता थांबवायचं म्हणते.

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. "आगोदर काऊन नाई सांगितलं? बाजारात किती बोलली मी! आता मले लाज वाटून राहिली." मग माझ्या ताटात आणखी दोन वाढून म्हणाल्या, "पण रेती त हाय. तिले सांग, बंद कायले करतेस? रेती नको पाठवू, मासोळी पाठव."

निघताना त्यांनी लाखोळीची डाळ बांधून दिली. अनोळखी घरात मी सहसा इतकी जेवत नाही आणि इतकी बोलत नाही. त्या घरात दोन्ही झालं.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं: बाजारातली गर्दी, धानाची रोवणी, वांग्यातलं कालवण. ती "हां" म्हणत जाळं निवडत राहिली. स्तुती तिला लागत नाही. शेवटी वाळूचं सांगितलं.

हात थांबले. "माझे मांदेलीन वालू? कोन बोलली ती?"

"वच्छलाकाकू. देवरीच्या."

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा अंगणात बांबू रोवलेले होते, आणि बाबा होडीतली जुनी जाळी त्यांवर कंबरेएवढ्या उंचीवर ताणत होते, तोंड वाकडं करून.

देवरीला जायचं असेल तर बाजाराच्या दिवशी जा, आणि कुणी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका. मला तिथे मिळालेली सगळ्यात कामाची वस्तू ती तक्रार होती. वच्छलाकाकूंनी पाहुणी म्हणून ती गिळली असती, तर मी फक्त गोड शब्द घेऊन परतले असते, आणि त्या शब्दांनी काहीच हललं नसतं.

होळी झाली. कारखान्याची गाडी धक्क्यावर आली, ड्रायव्हरने हाक मारली, "मावशी, टोपल्या?"

आई जाळीवर मांदेली पसरत होती. मान वर न करता म्हणाली, "फुढं जा. ही गोंदियाची हाय."