वॉर्ड माझा आहे, सर

मिलिटरी नर्सिंगमध्ये लेफ्टनंट म्हणून माझं पहिलं पोस्टिंग डोंगरातल्या एका छोट्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये झालं. मी बडोद्याची, खरी थंडी तिथेच कळली. एकदा दोन वॉर्डांना मी एकटीच होते. ड्रेसिंगला उशीर झाला, म्हणून हॉस्पिटलचे प्रमुख असलेल्या सीओ साहेबांनी राउंडवर सगळ्या पेशंटसमोर मला झाडलं.

आमच्या मेट्रन, मेजर कुरियन, पुढे आल्या. "सर, वॉर्ड माझा आहे. मला बोला."

साहेब गेल्यावर मॅडमनी मला ड्यूटी रूममध्ये नेलं, दार लावलं आणि माझी यथासांग खरडपट्टी काढली. बाहेर मात्र चकार शब्द नाही. मी सांगून टाकलं की मी नोकरी सोडणार. त्या म्हणाल्या, हिवाळा काढ, मग बघू.

हिवाळ्यातच खालच्या रस्त्यावर दरड कोसळली. जखमींना आणायला ॲम्ब्युलन्सबरोबर जायची पाळी माझी होती, पण मला ताप होता. तरी मी बूट चढवले.

"झोप. ही ऑर्डर आहे," म्हणून मॅडम स्वतः गेल्या.

दुपारी रेडिओवर कळलं, दुसरी दरड ॲम्ब्युलन्सवरच आली होती.

"डॉक्टर पाठवू?" आमच्या ऑपरेटरने विचारलं.

"निगेटिव्ह. आता उपयोग नाही," पलीकडून उत्तर आलं. मॅडम गेल्या होत्या.

मी खूप रडले. नोकरी सोडली नाही.

आता निवृत्त होऊन बडोद्यातच सुभानपुऱ्यातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये नर्सिंग विभाग सांभाळते. नर्सेस टिकत नाहीत. मॅनेजमेंट म्हणतं, अलकापुरीतल्या हॉस्पिटलांत पगार जास्त मिळतो. ते खोटं नाही, पण जाणाऱ्या मुली पगाराचं सगळ्यात शेवटी बोलतात. परवा हेतल, आमची आयसीयूतली सर्वांत चांगली नर्स, निघाली होती. एका डॉक्टरांनी पेशंटच्या नातेवाइकांदेखत तिची अक्कल काढली होती. मी तिला घेऊनच डॉक्टरांकडे गेले आणि सांगितलं, माझ्या मुलींबद्दल तक्रार असेल तर आधी माझ्या केबिनमध्ये यायचं. ते चिडले. चिडू देत.

"आ महिनो तो रहीश, मॅडम," हेतल म्हणाली. हा महिना तरी राहते म्हणे; एक महिना तर एक महिना.

इतकी वर्षं फौजेत कशी काढलीस, असं नातेवाईक विचारतात. देशसेवा, असं मी सांगते. त्यांना बरं वाटतं. खरं म्हणजे मी कुरियन मॅडममुळे राहिले. दरड कोसळायच्या कितीतरी आधीच माझं मन बदललं होतं. सांगू सावकाश, म्हणून मॅडमना बोलले नाही. ही पोरगी नोकरी सोडून जाणार, असं समजूनच त्या माझ्या जागी गाडीत बसल्या.