न्युष्टर्नचा दुसरा अर्थ

सोलापूर स्टेशनात गाडी हलली तेव्हा आई खिडकीच्या गजाला धरून चालत होती आणि मी तिच्याकडे बघत नव्हते. माझ्या मांडीवर रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. निळी चिठ्ठी पुल्लिंगी, तांबडी स्त्रीलिंगी, हिरवी नपुंसकलिंगी. मुंबई येईपर्यंत दोनशे जर्मन शब्द पाठ करायचे होते. आई कन्नडात म्हणाली, "हुशारागि इरु." जपून राहा. वडील तिच्या मागे उभे. ते एवढंच म्हणाले, "घाबरू नगंस. तितं बी माणसंच हायती." मी मान हलवली आणि पुढची चिठ्ठी काढली. त्या दोघांचे चेहरे त्या दिवशी कसे होते, हे मला आज आठवत नाही. त्या चिठ्ठ्यांचे रंग मात्र आठवतात.

आता सोलापुरात जर्मनच्या क्लासला जाणाऱ्या नर्स मुली फोनवर विचारतात, "ताई, शब्द लक्षात कसे ठेवायचे?" त्यांच्यासाठी, आणि सोलापूरजवळच्या आमच्या गावी, कुंभारीत, मागे राहिलेल्या माझ्या माणसांसाठी हे लिहिते आहे. आई सोडली तर घरी मी यातलं बरंच काही सांगितलेलं नाही.

आमची कुंभारीत पिठाची गिरणी. आई लग्न होऊन सीमेपलीकडच्या कन्नड गावातून आलेली. मी नर्सिंग करून सोलापूरच्या एका दवाखान्यात दोन वर्षं काम केलं आणि मग जर्मनीतल्या एका लहान शहरातल्या रुग्णालयात आले. इथं नर्स म्हणून कायम व्हायचं तर वरच्या पातळीची भाषेची परीक्षा पास व्हावी लागते. पहिल्या खेपेला मी नापास झाले. दुसरी संधी शेवटची होती. ती हुकली तर परत.

चिठ्ठ्या पुरेनात, म्हणून मी एक युक्ती केली होती. प्रत्येक शब्द घरातल्या एखाद्या जागी नेऊन ठेवायचा. 'फेरबांड' म्हणजे बँडेज, ते मी गिरणीच्या पट्ट्याला गुंडाळलं. 'श्प्रित्से' म्हणजे इंजेक्शन, ते तुळशीच्या मातीत खोचलं. डोळे मिटून गिरणीतून अंगणात फिरलं की शब्द मिळत जायचे. युक्ती चांगली होती. पण पुढे पुढे असं झालं, की घराची आठवण येऊन डोळे मिटले तरी तिथं शब्दच लटकलेले दिसायचे. आईकडे बघावं तर तिच्या खांद्यावर 'टॉवेल'चा जर्मन शब्द.

'न्युष्टर्न' हा शब्द क्लासच्या यादीत होता. अर्थ लिहिला होता, न प्यायलेला, शुद्धीतला. आमच्याकडे दळण घेऊन येणारे एक काका होते. ते ज्या दिवशी सरळ चालत येत, त्या दिवसाच्या काकांना मी तो शब्द चिकटवला. इतका घट्ट बसला, की पुन्हा कधी चिठ्ठी बघावी लागली नाही.

परीक्षेला आठ दिवस उरले होते. सकाळी ड्युटी बदलताना आम्ही सगळ्या टेबलाभोवती उभ्या होतो. वॉर्डची प्रमुख ब्रिगिटे रुग्णांच्या नोंदी भराभर वाचत होती. बारा नंबरच्या खोलीत फ्राउ केसलर म्हणून ऐंशीच्या पुढच्या बाई होत्या, खुब्याचं हाड मोडलेल्या. ब्रिगिटे त्यांच्याबद्दल काहीतरी लांबलचक बोलली आणि शेवटी म्हणाली, "बारा नंबर न्युष्टर्न राहील." मला काका आठवले. वाटलं, म्हातारीला बिअर आवडत असेल, त्यावर ही चेष्टा करतेय. मी हसले. "समजलं?" तिनं माझ्याकडे बघून विचारलं. मी म्हटलं, "या, या." जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो.

दिवसातून पन्नास वेळा मी तसं 'या' म्हणत होते. समजलं नाही म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जो कंटाळा येतो, तो मला सहन होत नव्हता.

नाश्त्याची ट्रॉली आली. बारा नंबरचा ट्रे त्यात होताच. मी फ्राउ केसलरना उशीला टेकून बसवलं, पावाला लोणी लावून दिलं. त्यांनी अर्धा पाव खाल्ला, दुधाची कॉफी संपवली. मी ट्रे उचलला, चादरीवरचे कण झटकले.

थोड्या वेळानं ब्रिगिटे दारात आली. "बारा नंबरला तयार कर, ऑपरेशनला बोलावलंय. काल रात्रीपासून न्युष्टर्न आहे ना?"

काल रात्रीपासून. हे दोन शब्द ऐकले आणि मला अर्थ लागला. सोलापुरात मी स्वतः किती खाटांना पाटी अडकवली होती, 'तोंडावाटे काही देऊ नये'. उपाशी! तिनं सकाळी सांगितलं होतं की उद्याचं ऑपरेशन आज घेतलंय, बाईंना उपाशी ठेवा. भरल्या पोटी भूल दिली तर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं. हे मला कुठल्याही भाषेत कुणी शिकवायची गरज नव्हती.

ब्रिगिटे उत्तराची वाट न बघता पुढच्या खोलीत गेली. ट्रे स्वयंपाकघराकडे गेलेला. कुणी पाहिलं नव्हतं. फ्राउ केसलरना सकाळचं संध्याकाळी आठवत नसे. मी त्यांच्या खाटेचा दांडा धरून उभी राहिले, आणि खरं सांगते, गप्प राहायचा विचार माझ्या मनात आला. आठ दिवसांवर परीक्षा, कागद कच्चे, आणि घरी वडील गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असलेले, पोरगी जर्मनीत हाय. बाई माझ्याकडे बघून हसल्या. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात लोणी लागलं होतं.

मी कॉरिडॉरमध्ये धावले. शिकलेले हजारो शब्द, त्यातला एक सापडेना. "फ्राउ केसलर जेवल्या," मी मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं. "मी दिलं. मी. शब्द कळला नाही."

ब्रिगिटेचा चेहरा पांढरा झाला. तिनं आधी फोन उचलला, ऑपरेशन थांबवलं. डॉक्टर येऊन वॉर्डभर ऐकू जाईल असं बोलले. मग ब्रिगिटेनं मला खोलीत बसवून घडल्याचा अहवाल माझ्याच हातानं लिहायला लावला. एक पान लिहायला दीड तास लागला. ते वाचून ती म्हणाली, "तू सांगितलंस, म्हणून त्या जिवंत आहेत. पण कळलं नाही तर पुन्हा 'या' म्हणायचं नाही. दहा वेळा विचार. मी चिडेन. तरी विचार."

ड्युटी संपल्यावर बसस्टॉपवरूनच आईला फोन लावला आणि रडत रडत सगळं सांगितलं. मी परत येते, म्हटलं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एक सांगू? तुज्या बापाला बी म्हाईत न्हाय हे. लगीन होऊन आले, मला मराटीतलं काय बी येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुजी आज्जी म्हणाली, 'ऊट, ऊट.' आमच्या कन्नडात ऊट म्हंजे जेवण. मी चुलीपाशी गेले, भाकरी घेतली आन् बसले खात! समद्यांच्या आदी, सासूच्या आदी. जावा लई हसल्या."

"मग?"

"मग काय, महिनाभर त्वांड मिटून बसले. पर मुकी ऱ्हाऊन कुटं भाषा येती व्हय? मग ठरवलं. नवा शब्द कानावर पडला, की त्याच दिवशी तीन बायकांसंगं बोलायचा. हसल्या तर हसू दे. चुकला तर तितंच कळतंय की. तू त्या चिट्ट्या पाठ करतीस, पर कुणाशी बोलतीस का?"

बोलत नव्हते. वर्षभरात मी शब्द साठवले होते, वापरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फ्राउ केसलरचं ऑपरेशन नीट पार पडलं. त्या शुद्धीत आल्यावर मी माफी मागितली. त्यांना काही आठवत नव्हतं, पण ऐकून म्हणाल्या, "पाव तरी ताजा होता का?" पुढचे दिवस त्याच माझ्या मास्तरीण झाल्या. रोज तीन नवे शब्द मी त्यांच्याशी, ब्रिगिटेशी आणि सफाईवाल्या तुर्की बाईंशी बोलायची. प्रत्येक शब्दाला विचारायची, याचा आणखी काही अर्थ आहे का? ब्रिगिटे खरंच चिडायची. तरी सांगायची.

परीक्षेत तोंडी प्रश्नाला मी अडले. परीक्षक पेन हातात धरून बघत होता. मी म्हटलं, "हा शब्द मला कळला नाही, दुसऱ्या शब्दांत सांगाल का?" त्यानं सांगितलं. काठावर पास झाले.

मागच्या हिवाळ्यात चार वर्षांनी घरी गेले. आई पोळ्यांची तयारी करत होती. मी म्हटलं, पीठ मी घेते, आणि भिंतीकडे हात करून थांबले. मला ती वस्तू हवी होती, जिच्यानं पिठातला कोंडा काढतात. शब्द येईना. जर्मन आला, इंग्रजी आला, माझा मराठी शब्द कुठंच नव्हता. जन्म गिरणीत गेला आणि हा शब्द विसरले, याची भीती वाटली. आईला कळू नये म्हणून मी हात खाली घेऊ लागले.

आईनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंही नाही, फक्त भिंतीकडे गेलेला हात पाहिला. खिळ्यावरची चाळणी काढून माझ्या हातात दिली आणि परात पुढे सरकवली.