मोंबासाच्या समुद्रातले दोन नारळ

धक्क्यावर उतरलेल्या एका गाववाल्या खलाशानं सांगितलं, "पांडूकाका वारले रे… मांडवीला, घरीच." माझ्या हातातली दोरी तशीच राहिली. त्याला काही आठवडे झाले. चौथीत शाळा सोडलेल्या मला लिहायला धीर होत नव्हता, पण या माणसामुळे मी इथे उभा राहिलो, हे गावाकडच्यांना कळायला हवं.

काका मोंबासाच्या बंदरात शिडं शिवायचे. रत्नागिरीच्या मांडवीहून घाबरत घाबरत आलेल्या मला त्यांनी हाताशी धरलं, आपल्या खोलीत जागा दिली. पहिली नारळी पौर्णिमा आली तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. धाकटा भाऊ सदू त्याच वर्षी होडीवर जायला लागणार होता आणि आईनं निघताना बजावलं होतं, "तिथल्या समुद्राला त्याच्या नावानं नारळ दे हो." पण इथे ना वाजंत्री, ना मांडवीसारखी गर्दी, ना ओवाळायला बायका. आपला सण इथे पोचेल का, हीच मला धास्ती. काका म्हणाले, "एडनला नारळ नाय मिळाला तर सुपारी वाहिली मी. रंगूनला तर नदीतच सोडला. चल मेल्या, ऊठ!"

मी हात जोडून नारळ सोडला. तेवढ्यात जवळच्या होडीतून जुमा नावाच्या इथल्या कोळ्यानं धाडकन उडी मारली, नारळ काढला आणि हसत हसत माझ्या हातात ठेवला. त्याला वाटलं, चुकून पडला! मी तो नारळ घेऊन काकांकडे वळलो.

"काका, समुद्रानं परत केला… आता सदूचं?"

काका पोट धरून हसत होते. मग म्हणाले, "अरे, कुणाचा, कशाचा, काय विचारलंन त्यानं? पडलेला दिसला नि उडी टाकलीन. उद्या सदू पाण्यात पडला तर असाच कोणतरी भेटू दे, एवढंच माग." तो नारळ तिथेच फोडून त्यांनी अर्धा जुमाला दिला.

पुढल्या वर्षापासून काका दोन नारळ न्यायचे, एक समुद्राला, एक जुमाच्या घरी. ते गावी परतल्यावर मीही तेच चालू ठेवलं. सदू सुखरूप आहे, आता त्याची स्वतःची होडी आहे.

यंदा पौर्णिमेला एक नारळ सोडला, दुसरा जुमाला दिला आणि काकांचं सांगितलं. तो पाण्यात कमरेपर्यंत गेला आणि आपला नारळही त्यानं सोडून दिला… लाट तो परत आणते की काय, म्हणून मी बराच वेळ बघत राहिलो. नाही आणला. या दिवसांत इथला वारा आपल्याच मुलखाकडे वाहतो, हे मला काकांनीच शीड शिवता शिवता सांगितलं होतं.