कडीकाकांचे रक्षक

दार लावलं की कडी दोनदा ओढून बघायची, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं आणि पुन्हा ओढायची, म्हणून सगळे त्यांना कडीकाका म्हणत. धंदा कुलुपं-चाव्यांचा. दुसऱ्यांची कुलुपं उघडून देण्यात हयात गेलेला माणूस स्वतःच्या कुलपावर विश्वास ठेवील कसा? ताक सोडाच, काका पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. गिऱ्हाइकाला मात्र ऐटीत सांगायचे, "कुलूप फोडतो तो भुरटा. खरा चोर घरच्याच माणसाकडून कडी काढून घेतो."

कोऱ्या चाव्या मागवायला सोपं जावं म्हणून जावयाने त्यांना आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला. सुरुवातीला बरं चाललं. मग पडद्यावर वरच्या बाजूला एक पट्टी उगवली. तिच्याखाली दुसरी. चाव्या शोधाव्यात तर भलतंच पान उघडायचं, आणि काल बघितलेली कानस आज जाहिरातीत दिसायची. म्हणजे आपण काय बघतो ते कुणाला तरी कळतंय! काकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. या यंत्राला आपल्याखेरीज हात लावतो तो एकटा जावई. घरचाच भेदी!

त्यांनी चकार शब्द न काढता घराचं कुलूप बदललं. रविवारी जावई नेहमीसारखा भाजीची पिशवी घेऊन आला, तर त्याची चावी फिरेना. शेजारीपाजारी बघायला लागले. आतून काकांचा आवाज आला, "माझ्यावर पाळत ठेवायलाच दिलंस ना ते यंत्र?" जावयाने पिशवी दाराशी ठेवली आणि तो निघून गेला. पुन्हा फिरकला नाही. कुलपांच्या गोष्टी हौसेने ऐकणारा जगात तो एकटाच होता. काकांना त्याच्यावाचून करमत नव्हतं, पण कबूल कोण करणार?

शेवटी लेक आली आणि कॉम्प्युटरसमोर बसली. "बाबा, ही आगंतुक मंडळी आज मी हाकलून देते."

"पुरावा पुसू नकोस," काका मागून म्हणाले. लेकीवरही नजर होतीच.

तिने आगंतुक प्रोग्राम एकेक करून उपटायला सुरुवात केली. स्वस्त माल दाखवणारा एक, हवामान सांगणारा एक, आणि बाकी सगळे रक्षक. हा रक्षक, तो महारक्षक. पट्ट्या गेल्या, पडदा स्वच्छ झाला. "आता बसा, तुमच्या चाव्या बघा," म्हणून ती चहा टाकायला उठली.

काकांनी नेहमीचं पान उघडलं. लगेच एक लाल चौकट उसळली. 'सावधान! तुमच्यावर कुणीतरी पाळत ठेवत आहे. रक्षक बसवायचा?' काकांनी क्षणाचाही विचार न करता 'हो' दाबलं. पट्टी परत हजर.

लेक कप घेऊन दारातच थबकली. "बाबा, हे काय केलंत?"

"काय म्हणजे? चोर आलाय म्हणतोय तो. रक्षक घेतला."

"असे किती घेतलेत आजवर?"

"तो विचारील तेव्हा घेतो. मी सावध माणूस आहे."

बोलता बोलता ते थांबले. काकांनी एकदा त्या पट्टीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या बोटाकडे. कान तापले. कुंपणच शेत खात होतं, आणि ते कुंपण त्यांनी स्वतःच्या हाताने घातलं होतं. जावयाचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. त्यांना रडू येईल इतकी लाज वाटली.

लेकीला विचारत विचारत तो शेवटचा रक्षक त्यांनी स्वतः काढला. मग तडक दुकानात जाऊन घराची नवी चावी घासली, दात पुन्हा पुन्हा तपासले, आणि जावयाच्या दारात उभे राहिले.

"माझंच चुकलं रे. ही घे."

जावयाने त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. चावी उजेडाकडे धरून कडेवरून बोट फिरवलं. "काय सफाईदार घासलीय, बाबा!" म्हणाला, आणि ती हळूच त्यांच्या तळहातावर परत ठेवली. "येईन मी रविवारी. पण चावी नको. बेल वाजवीन, तुम्ही उघडा."

काकांनी मूठ मिटली. उभ्या जन्मात त्यांनी किती जणांच्या हातात चाव्या ठेवल्या असतील. परत आलेली ही पहिलीच.