न कापलेली तार

आमच्या भागातला वायरमन ओळखीच्या माणसालाही 'पावणं' म्हणायचा आणि खांबावरूनच बोलायचा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

डोंगरातल्या एका वाडीने ओढ्यावर छोटी पाणचक्की बसवून घरात आणि शाळेत दिवे लावले होते. परवान्याशिवाय वीज तयार करणं बेकायदा होतं, म्हणून तार कापायचा हुकूम त्याच्यावर आला. मी वाडीच्या बाजूने छापलेली पत्रकं घेऊन आडवा गेलो आणि त्याला तोंडावर सरकारचा गुलाम म्हणालो.

"व्हय की. सरका जरा, पावणं."

त्याने पक्कड खिशातच ठेवली. तारेचा जोड सोडला, टोकांना चिकटपट्टी गुंडाळली आणि वेटोळं शाळेच्या खुंटीला अडकवलं. रागाच्या भरात मला वाडीचा अंधार तेवढा दिसला.

दोन हजार तीनला नवा वीज कायदा आला. खेड्यापुरती वीज तयार करायला आता परवाना नको होता. प्रत घेऊन मी वाडीवर धावलो, तर शाळेत दिवा आधीच लागलेला. सुट्टी काढून येऊन त्याने तीच तार जोडली होती.

"उशीर केलासा की, पावणं!" तो खांबावरून ओरडला. "आता वाचून तरी दावा."

मी वाचू लागलो. तो खाली उतरला आणि टोपी मांडीवर ठेवून ऐकत बसला.