सगळं वर आहे

फोटो स्टुडिओत माणसं फोटो न्यायला येतात आणि किस्से ठेवून जातात. पूर्वीचे किस्से हसायचे असायचे. वरमाय रुसली, अंतरपाट धरणाऱ्याला नेमकी शिंक आली, वगैरे. हल्लीचे सगळे एका छापाचे. माणूस फोन दोन्ही हातांत धरून येतो आणि पहिलंच वाक्य बोलतो, "फोटो होते हो." त्या 'होते'वरूनच आम्हाला सगळं कळतं.

सातपूरचा हा स्टुडिओ शरददादाचा. मी त्याचा भागीदार, नंदू आमचा एडिटर. दादा मागच्या लग्नसराईत गेला. वहिनींना त्याचा एक हसरा फोटो हवाय आणि तो अजून मिळालेला नाही. त्यामुळे हे किस्से मला पूर्वीसारखे रंगवता येत नाहीत. सांभाळून घ्या.

*

दादाचा नियम होता, प्रत्येक लग्न दोन हार्ड डिस्कवर ठेवायचं. एक डिस्क स्टुडिओत, दुसरी घरी तांदळाच्या डब्यात. ओल धरू नये म्हणून! भात लावायचा तर वहिनींना आधी डिस्क बाजूला काढाव्या लागत.

एकदा घरी पाहुणे जेवायला बसले होते. आतून वहिनींचा आवाज आला, "अहो, हे निफाडचं लग्न काढून ठेवा, नाहीतर शिजेल."

*

नंदूला हा सगळा अडाणीपणा वाटायचा.

"दादा, आता सगळं क्लाउडवर टाकायचं. घर जळालं तरी फोटो सेफ. सगळं वर."

"वर म्हणजे कुणाकडे?"

"कंपनीकडे."

"तिचा माणूस कुठे बसतो?"

"माणूस नसतो दादा, सिस्टीम असते."

दादाने डब्याचं झाकण लावलं. "मग भांडायचं कुणाशी?"

*

सायखेड्याचा एक तरुण बाप आला. फोन भरला म्हणून त्याने मुलीचे सगळे फोटो फोनमधून पुसले. वर आहेतच, या भरवशावर. तर वरचेही गेले.

"म्या फकस्त फोनातलं पुसलं. वरचं कसं गेलं?"

नंदूने समजावलं, दोन्ही जोडलेलं असतं, इथलं पुसलं की तिथलंही जातं.

"मंग वर ठिवलं कशाला? इथं हाय तवर तिथं हाय, इथं नाय तर तिथं बी नाय. ही तर सावली झाली की!"

या बापाच्या लग्नाची डिस्क आमच्याकडे होती, तिची कॉपी करून दिली. ती खिशात टाकत तो म्हणाला, "पोरीचं पहिलं पाऊल हुतं वो त्याच्यात." मग गाडीला किक मारून गेला. मला दिवसभर काम सुचलं नाही.

*

इथल्याच एका कारखान्यातले सुपरवायझर. घरचे सगळे फोटो त्यांनी ऑफिसच्या खात्यावर ठेवलेले, जागा भरपूर म्हणून. रिटायर झाले, निरोप समारंभ झाला, घरी येऊन खातं उघडायला गेले तर बंद. नियमाने ते बरोबरच होतं. म्हणून तर जास्त चीड आली.

ते म्हणाले, "शाल मला दिली आणि नारळ माझ्या फोटोंना."

*

एकदा खुद्द नंदूचं खातं अडकलं. तो माणूसच आहे हे सिद्ध करायला सिस्टीमने त्याला चित्रांतून ट्रॅफिक सिग्नल ओळखायला लावले. नंदू तीनदा नापास.

दादा म्हणाला, "नाशिककराला कसे ओळखू येणार? आपण कधी बघितलेत?"

तो दादाचा शेवटचा विनोद, निदान माझ्या आठवणीतला.

*

दादा मंगल कार्यालयातच गेला. सप्तपदी चालू होती आणि तो खाली बसला. मला वाटलं, अँगल घेतोय.

खिशातला फोन त्याच्याखाली चेपून गेला. पुढे हाराला फोटो हवा म्हणून आम्ही तांदळाच्या डब्यातल्या सगळ्या डिस्क पालथ्या घातल्या. अख्खं नाशिक हसताना सापडलं. दादा मात्र कुठे आरशात कोपर, कुठे भिंतीवर सावली. कॅमेऱ्यामागचा माणूस तो.

त्याचे स्वतःचे फोटो तेवढे फोनमध्ये होते आणि तिथून आपोआप वर गेले होते. नवा फोन सुरू करताना त्याने कुठेतरी 'हो' दाबलं असणार. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. कोड मागवला की तो सिमवर नाही, त्याच मेलेल्या फोनच्या पडद्यावर जातो.

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, सुरक्षेसाठी खातेदाराने स्वतः संपर्क साधावा.

नंदूने टाइप केलं, "खातेदार वरच आहे. तुम्हीच विचारून घ्या."

उत्तर आलं, "अभिप्रायाबद्दल आभार."

दशक्रियेला रामकुंडावर आम्ही आधार कार्डाच्या फोटोला हार घातला. तो फोटो कुणाचाही कसा येतो, हे सांगायला नको. वहिनी म्हणाल्या, "सगळ्यांना हसा हसा म्हणायचे. आणि यांना निरोप या तोंडाने?"

*

वहिनींकडे दादाचा जुना टॅब आहे. त्यावर त्याचं खातं उघडायला गेलं की पासवर्ड मागतं, पण सूचना मात्र येत राहतात. परवा मी गेलो होतो, तेव्हा टॅब वाजला. वहिनींचा चष्मा आत होता, म्हणून मी वाचून दाखवलं.

"शरद, तुमची जागा भरत आली आहे. जुने फोटो काढून टाकायचे का?"

शेजारी पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र. सप्तशृंगीच्या पायऱ्या, आणि दादा तोंडभर हसतोय. मी लगेच कॅमेरा काढून त्याचा फोटो घेतला. मोठा करून पाहिला तर नुसते चौकोन.

सूचनेखाली दोन बटणं होती. 'हो' आणि 'नंतर'.

वहिनींनी पदराला हात पुसले. टॅब डोळ्यांजवळ धरून थोडा वेळ पाहिलं आणि 'नंतर' दाबलं. चित्र गेलं.

"रोज सकाळी विचारतात," त्या म्हणाल्या. "बसा भाऊजी, चहा टाकते."