तुरीच्या चाचणीचा कागद

नातवंडांनो, ही गोष्ट मी फोनवर सांगायचं टाळते, कारण माझा आवाज चढतो आणि तुमची आई काळजी करते. म्हणून लिहिते.

अणुसंशोधन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर वीज येत असेल. सरकारच्या त्याच पैशातून बियाण्यांवर किरण सोडून पिकांचे नवे वाणही काढतात. कमी पाण्यावर तग धरणारी अशी एक तूर वाटूरजवळच्या आपल्या शेतात चाचणीसाठी लावली होती. तीन हंगामांच्या नोंदी पूर्ण झाल्या तरच वाण मंजूर होतो. नोंदी ठेवायला एक मुलगी यायची. परतूरकडच्या शेतकऱ्याची लेक, शेतीशास्त्रात डॉक्टर झालेली. तिची पाच वर्षं या एका तुरीत गेली होती.

आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईने सुरुवातीला टिंगलच केली. "काकू, ही तूर शिजवायला गॅस लागतो का आपसूकच शिजती?"

"तू आधी खुरप नीट."

"खुरपून राह्यले की! पन माझं पोट अंधारात चमकायला लागलं तर मालकाला काय सांगू? त्यो तर बिलकुल घरात घेनार न्हाई."

दुसऱ्या वर्षी पावसाने ओढ दिली. शेजारच्या रानातली तूर वाळली, ही लगडली. बाईची टिंगल थांबली.

तिसऱ्या वर्षी पेरणी झाली आणि मुलगी यायची बंद झाली. "काकू, निधी मंजूर आहे, पण आलेला नाही," ती फोनवर म्हणाली. "गाडी बंद, पगार बंद." त्याच आठवड्यात टीव्हीवर अणुऊर्जेसाठी केवढी मोठी तरतूद झाली म्हणून टाळ्या वाजत होत्या. मग पीक आल्यावर मी आणि कामाची बाई, आम्ही दोघींनीच प्रत्येक ओळ वेगळी सोंगली, वेगळी झोडपली, वजनं करून वहीत लिहिली. वही पाठवली, तर योजनेच्या कार्यालयाने उत्तर दिलं की कर्मचाऱ्याच्या सहीशिवाय नोंद धरता येत नाही. पगाराशिवाय कर्मचारी कुठून येणार, हे त्यांना विचारायची सोय नव्हती.

नंतर त्याच कार्यालयातले एक साहेब इंग्रजी फॉर्म घेऊन आले. "काकू, इथं सही करा, बस्स."

मी वाचला. चाचणी शेतकऱ्याच्या कारणामुळे अपूर्ण राहिली, असं त्यात छापलं होतं.

"मी काय केलं?"

"अहो, नुसती फॉर्मॅलिटी आहे. तुमचं काय जातंय?"

मी ती ओळ खोडली, वर इंग्रजीत 'निधी न मिळाल्यामुळे' असं लिहिलं आणि सही केली. साहेब चहा न घेता गेले. मला फार बरं वाटलं. अभिमानाने मुलीला फोन लावला.

ती म्हणाली, "काकू, शेतकऱ्याचं कारण असलं की चाचणी दुसरीकडे परत लावता येते. निधीचं कारण लिहिलं की योजनाच बंद करतात. मीच साहेबांना तसं लिहायला सांगितलं होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही खोट्यावर सही केली नसती."

योजना बंद झाली. मुलगी आता जालन्यात एका दुकानात दुसऱ्यांचं बियाणं विकते. माझा राग साहेबावर नाही. खरं लिहिलं की काम मरतं आणि खोटं लिहिलं की जगतं, असा नियम ज्यांनी केला आणि वर टाळ्या वाजवल्या, त्यांच्यावर आहे. थोडा माझ्यावरही आहे. फॉर्म वाचला, पण मुलीला आधी एक फोन केला नाही.

मागच्या महिन्यात आणखी एक कागद आला: उरलेलं बियाणं नष्ट करून तसं कळवा. मी 'नष्ट केले' असं स्वच्छ अक्षरात लिहून सही केली. बियाण्याची पिशवी आपल्या कामाच्या बाईच्या घरी आहे. पेरायला तिला एकरभर रान आहे.